गेटवरची सात मिनिटं

उशिरा येणाऱ्या माणसांचा मला भयंकर राग यायचा. अजूनही येतो, पण आता बोलण्याआधी जीभ जरा अडते. तेव्हा ती अडत नसे. कोणी पाच मिनिटं उशिरा आलं की मी भुवया उंचावून आधी त्याच्याकडे आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे. आमच्या विभागातली एक मुलगी एकदा वीस मिनिटं उशिरा आली, तर मी तिच्याशी दुपारच्या डब्यापर्यंत बोलले नव्हते. नव्वदचं दशक संपत आलं होतं, माझं वय सत्तावीस होतं आणि नोकरीच्या चार वर्षांत माझ्या हजेरीच्या कार्डावर एकही लेट मार्क नव्हता. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगायचे.

या माझ्या वक्तशीरपणापायी एका माणसाची अठ्ठावीस वर्षांची नोकरी, निवृत्तीला दोन महिने उरलेले असताना, जायची वेळ आली होती. ती गोष्ट सांगायची तर सुरुवात डोंबिवलीच्या घड्याळांपासून करायला हवी.

डोंबिवलीत त्या काळी बरोबर वेळ दाखवणारं घड्याळ शोधून सापडलं नसतं. सगळी पुढे, आणि तीही मुद्दाम पुढे केलेली. आमच्या घरात बाहेरच्या खोलीतलं घड्याळ दहा मिनिटं पुढे असायचं, स्वयंपाकघरातलं बारा. वडील रेडिओच्या बातम्यांना ते मिळवायचे आणि पुन्हा काटा दहा मिनिटं पुढे सरकवायचे. घड्याळ पुढे आहे हे सगळ्यांना माहीत, म्हणून ते बघून कोणीच घाई करायचं नाही, आणि तरीही ते पुढेच ठेवायचं. माझं मनगटी घड्याळ पंधरा मिनिटं पुढे होतं. पंधराच कशावरून, तर सकाळी कंपनीच्या गेटवर पोचले की त्यात पावणेनऊ वाजत आलेले असायचे आणि गेटवरच्या घड्याळात आठ एकोणतीस. वजाबाकी केली की पंधरा. संध्याकाळी ही वजाबाकी मी कधी करून पाहिली नाही. सुटायच्या वेळी कोण घड्याळं जुळवत बसतं?

कंपनी कोलशेतला होती, रंगद्रव्यं बनवणारी. खाडीच्या बाजूने वारा आला की आमच्या साड्यांवर आणि शर्टांवर निळी भुकटी बसायची, म्हणून पांढरं कोणी घालतच नसे. डोंबिवलीहून आमची कंपनीची बस सुटायची. ती शीळफाट्यावरून मुंब्रा, कळवा करत ठाण्याला आणि तिथून कोलशेतला. शीळफाट्यावर ट्रक अडकलेले असायचे, ते हलले की आम्ही हलायचो. बसमध्ये चाळीस माणसं होती. कोण कुठल्या सीटवर बसणार, कोण खिडकी उघडणार आणि कोण ती बंद करा म्हणणार, हे सगळं वर्षानुवर्षं ठरलेलं होतं. जनरल शिफ्ट साडेआठची, आणि आमची बस आठ एकोणतीसला दारात. रोज. मला त्या ड्रायव्हरचं फार कौतुक होतं.

मी संगणक विभागात होते. त्या विभागाला सगळे इडीपी म्हणायचे, पूर्ण नाव विचारलं तर निम्म्यांना सांगता आलं नसतं. कंपनीत तेव्हा तीन ठिकाणी संगणक होते. एक आमच्याकडे, एक मालाच्या गोदामात गेटपास छापायला, आणि एक वजनकाट्यावर. तिन्हींची घड्याळं तीन तऱ्हेची. कोणी कधी लावली, कोणालाच आठवत नव्हतं. एकदा एका ट्रकचे कागद तपासायला आलेल्या सरकारी अधिकाऱ्याने चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "हा ट्रक तीन बावीसला रिकामा आत आला आणि तीन दहाला माल घेऊन बाहेर गेला. कसं काय?" मग आमच्या वर्क्स मॅनेजरांनी मला बोलावलं.

वर्क्स मॅनेजर मूळचे पुण्याचे, साठीच्या अलीकडचे. आवाज कधी चढवत नसत, त्यामुळे त्यांच्यासमोर घाम जास्त फुटायचा. ते म्हणाले, "सगळ्या कंपनीत एकच वेळ असली पाहिजे. करता येईल?"

"येईल सर," मी म्हटलं. कसं करायचं ते मला अजिबात माहीत नव्हतं.

एका संगणक मासिकासोबत लिनक्स या संगणकप्रणालीची सीडी फुकट आलेली. ती माझ्या खणात महिनाभर पडून होती. मोडीत काढायला ठेवलेलं एक जुनं मशीन मी मागून घेतलं आणि त्यावर लिनक्स चढवायला बसले. काळा पडदा, पांढरी अक्षरं, माउस नाही. विभागप्रमुख दोनदा येऊन बघून गेले आणि दोन्ही वेळा "बिघडलंय का?" असं विचारून गेले. चौथ्या प्रयत्नात ते चढलं. चढता चढता त्याने मला एक प्रश्न विचारला होता: मशीनमधलं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर आहे का? मला वाटलं, शहाण्या माणसाने हो म्हणावं. मी हो म्हटलं. मशीनमध्ये होती आपली भारतीय वेळ. ती त्याने ग्रीनिचची समजून वर साडेपाच तास चढवले आणि सकाळी अकरा वाजता पडद्यावर दुपारचे साडेचार दाखवले. चहा घेऊन आलेला शिपाई पडद्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, तासाभरात सुटायचं ना?" ही बातमी जेवणाच्या सुट्टीपर्यंत कॅन्टीनमध्ये पोचली होती.

ते निस्तरलं, मग खरं काम. जगात काही विद्यापीठं आणि संशोधन संस्था अणुघड्याळांवरून वेळ घेतात आणि इंटरनेटवरून ज्याला हवी त्याला देतात. आपल्या मशीनने त्यांना फोन लावायचा आणि किती वाजले ते विचारायचं. उत्तर यायला लागलेला वेळही ते मोजतं आणि हिशेबात धरतं. ही शेवटची गोष्ट वाचली तेव्हा मी चकितच झाले होते. वाटेत किती उशीर झाला हे धरून वेळ सांगणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता.

फोन लावणं मात्र सोपं नव्हतं. कंपनीत बाहेरच्या दोनच लाइनी, आणि त्या टेलिफोन ऑपरेटर बाईंच्या ताब्यात. मी त्यांना म्हणायचे, "मावशी, लाइन द्या आणि मध्ये ऐकू नका." त्यांना ऐकल्याशिवाय राहवायचं नाही. मोडेमची ती किरकिर सुरू झाली की त्या मध्येच "हॅलो, कोण बोलतंय?" विचारायच्या आणि कनेक्शन तुटायचं. शेवटी मी त्यांना आमच्या खोलीत बोलावून सगळा प्रकार दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढं सगळं किती वाजले ते विचारायला? एखाद्याला हाक मारली असतीस तर सांगितलं असतं."

त्यानंतर त्यांनी लाइनीत कधी डोकावलं नाही. त्या दिवशी मी आज्ञा टाइप केली, एंटर दाबलं, आणि पडद्यावर एक ओळ आली. माझं मशीन दोनशे एकोणतीस सेकंद पुढे होतं, आता ते नाही. बस, एवढीच ओळ. मी ती तीनदा वाचली. दूर कुठल्या तरी देशातल्या घड्याळाची वेळ कोलशेतच्या निळ्या भुकटीत येऊन बसली होती आणि ती मी आणली होती. मला इतका आनंद झाला की मी उठून खोलीला एक चक्कर मारली.

दुसऱ्या दिवशी मशीन सुरू केलं तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. लिनक्सची वेळ सुधारली होती, पण मशीनच्या पोटातल्या बॅटरीवरच्या घड्याळाला ती सांगायची राहून गेली होती. तेही शिकले. मग रोज तीनदा फोन लावायचा, सकाळी, दुपारी, संध्याकाळी. गोदामातलं आणि काट्यावरचं मशीन सुरू होताना माझ्याकडून वेळ घेईल अशी व्यवस्था केली. माझं मशीन दिवसाला किती सेकंद पळतं हे टिपून ठेवलं. आठवड्याभरात कंपनीतले ट्रक आत आल्यानंतरच बाहेर जायला लागले.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण मला चेव आला होता.

कंपनीत आणखी एक घड्याळ होतं, सगळ्यांत महत्त्वाचं, गेटवरचं. लाकडी पेटीतलं मोठं पंचिंग घड्याळ. त्याच्या फटीत कार्ड घालून दांडा दाबला की वेळ उमटायची. साडेआठपर्यंत निळी, नंतर लाल. तीन लाल झाले की अर्धा दिवस रजा कापली जायची. त्या पेटीची चावी टाइमकीपर काकांकडे. ते कोलशेत गावातलेच. त्यांच्या घरची भातशेती होती तिथेच कंपनी उभी राहिली आणि त्या बदल्यात त्यांना नोकरी मिळालेली. उंच, काळेसावळे, पांढरी टोपी. निळ्या भुकटीत पांढरी टोपी घालणारे कंपनीत ते एकटेच. अठ्ठावीस वर्षं त्यांनी ते घड्याळ सांभाळलं होतं आणि पुढच्या दोन महिन्यांनी ते निवृत्त होणार होते. सगळ्यांना ते बाय आणि बाबा म्हणत, मॅनेजर सोडून.

ते घड्याळ माझ्या मशीनशी जुळतं का ते बघायचं मी ठरवलं. पद्धत अगदी शास्त्रीय. सकाळी पावणेनऊला आणि संध्याकाळी पाचला मी इंटरकॉमवरून गेटवरच्या वॉचमनला विचारायचे, "पंचिंगच्या घड्याळात किती वाजलेत?" तो बघून सांगायचा, मी वहीत लिहायचे. आठ दिवस. आठव्या दिवशी वही बघून मी थक्क झाले. संध्याकाळी घड्याळ एकदम बरोबर, मिनिटाचाही फरक नाही. आणि सकाळी सात मिनिटं मागे. रोज सातच. सकाळी मागे पडायचं आणि दिवसभरात आपणहून भरून काढायचं, असा दोष मी कुठे वाचला नव्हता. मी त्याच्यावर विचार केला आणि माझं एक मत बनवलं. थंडीचे दिवस होते. पहाटेच्या गारठ्याने आतली स्प्रिंग आखडते, मग दुपारी शेजारच्या बॉयलरच्या उबेने ती सैल होते. याचा मी आलेखही काढला.

ही सात मिनिटं माझ्या स्वतःच्या येण्याला लागू होतात, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. इतकी मी माझ्या आलेखावर खूश होते.

शुक्रवारी खातेप्रमुखांची मीटिंग असायची. ट्रकचं कोडं सुटल्याबद्दल सांगायला मला बोलावलं होतं. अकरा माणसं बसलेली. मी ट्रकचं सांगितलं, कौतुक झालं, आणि मग कोणी विचारलेलं नसताना आलेख टेबलावर पसरला. "गेटच्या घड्याळात एक चमत्कारिक दोष सापडलाय," असं म्हणून मी सगळं सांगितलं. स्प्रिंग, गारठा, बॉयलर.

हजेरी-रजा बघणाऱ्या पर्सोनेल खात्याचे प्रमुख छताकडे बघायला लागले. वर्क्स मॅनेजरांनी आलेख हातात घेतला आणि बराच वेळ पाहिला.

"या पेटीची चावी कोणाकडे असते?" त्यांनी विचारलं.

"टाइमकीपर काकांकडे."

"फक्त त्यांच्याकडे?"

"हो सर."

"सोमवारी मला लेखी द्या. तुमची निरीक्षणं आणि तुमचं मत." त्यांनी आलेख घडी करून माझ्याकडे परत दिला.

मला वाटलं, मोठीच शाबासकी मिळाली. लेखी म्हणजे पुराव्यासकट, म्हणून मी प्रयोगशाळेतून एक थर्मामीटर मागून घेतला आणि तडक गेटवर गेले. दुपारची वेळ. काका टाइम ऑफिसच्या पायरीवर बसून चहा पीत होते. माझ्या हातातला थर्मामीटर बघून त्यांनी विचारलं, "कोन आजारी हाय बाय?"

"तुमचं घड्याळ," मी म्हटलं. "सकाळी गारठतं ते. आतली स्प्रिंग आखडते. जरा पेटी उघडा, तापमान घेते."

काकांनी कप खाली ठेवला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "गारठत नाय ता. मीच मागं करतंय."

मी विचारलं, "का?"

त्यांनी सांगितलं ते एवढंच. सातआठ वर्षांपूर्वी शीळफाट्याचा रस्ता खणला होता आणि डोंबिवलीची बस रोज उशिरा यायला लागली. बसमध्ये दिवस भरत आलेली एक बाई होती, तिची रजा लेट मार्कांपायी कापली जात होती. काका पर्सोनेलला सांगायला गेले. त्यांनी बसच्या कंत्राटदाराला विचारा म्हटलं. कंत्राटदार म्हणाला रस्ता बघा. रस्त्याला कोण विचारणार? दुसऱ्या दिवसापासून काकांनी सकाळी सातची पाळी आत घेतली की पेटी उघडून काटा सात मिनिटं मागे घ्यायला सुरुवात केली. बसची माणसं आत गेली की नऊनंतर पुन्हा सात मिनिटं पुढे. रस्ता नंतर झाला, पण ट्रक वाढले. ते चालूच राहिलं.

"सांच्याला सगल्यांना बरोबर साडेपाचला सोडतंय," ते म्हणाले. "सात मिंटा कंपनीची जातान, ता खरा हाय. पन मना दुसरा काय सुचला नाय." मग त्यांनी विचारलं, "तुजी बस किती वाजता येतं बाय?"

"साडेआठला एक कमी."

"ता माज्या घड्यालात."

मी थर्मामीटर हातात धरून तिथेच उभी. आठ एकोणतीस आणि सात, आठ छत्तीस. रोज आठ छत्तीस. चार वर्षं. माझं मनगटी घड्याळ पंधरा नाही, आठ मिनिटं पुढे होतं. बसच्या ड्रायव्हरचं मी केलेलं कौतुक, माझं कोरं कार्ड, माझ्या उंचावलेल्या भुवया, डब्यापर्यंत न बोललेली ती मुलगी, सगळं एकदम डोळ्यांसमोरून गेलं. मला लाज वाटली. ती इतकी वाटली की तिच्यामागून येणारी दुसरी गोष्ट लक्षात यायला थोडा वेळ लागला.

"काका, मी मीटिंगमध्ये सांगितलंय हे. सगळ्यांसमोर. सात मिनिटांचं."

"सायेब काय बोल्ला?"

"लेखी मागितलंय. सोमवारी."

कंपनीच्या घड्याळात हात घालणं म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. चौकशी, आरोपपत्र आणि घरी. अठ्ठावीस वर्षांच्या शेवटी निरोप नाही, ग्रॅच्युइटीचा पैसाही हातात नाही, आणि उरलेलं आयुष्य त्याच गावात, कंपनीच्या भिंतीला लागून काढायचं. काकांनी खिशातली चावी काढली, धोतराच्या सोग्याला पुसली आणि परत खिशात ठेवली.

"दोन म्हैने रायले होते," ते म्हणाले. मग टोपी डोक्यावर ठेवून उठले. "तुजा जा काम हाय ता तू लिव. मना काय इचारू नको."

त्यांनी विनवणी केली असती तर मला सोपं गेलं असतं.

शनिवारी सुट्टी होती, रविवारी होतीच. घरी बसून मी दोन कागद लिहिले. पहिला खरा. निरीक्षणं बरोबर, पण घड्याळात दोष नाही, कोणीतरी रोज काटा फिरवतं. तो लिहायला दहा मिनिटं लागली. दुसऱ्याला दोन दिवस. त्यात असं लिहिलं की इडीपी विभागातल्या नव्या यंत्रणेची वेळ सकाळच्या वेळात विश्वासार्ह नसल्याचं आढळलं आहे, मांडणी करताना माझ्याकडून चूक झाली, सबब या यंत्रणेच्या आधारे गेटच्या घड्याळाबद्दल काढलेले निष्कर्ष मागे घेत आहे. "विश्वासार्ह नसल्याचं" या शब्दांपाशी मला रडू आलं. काकांसाठी नाही, खोटं कशाला बोलू. माझ्या मशीनसाठी. त्या कंपनीत बरोबर वेळ सांगणारं ते एकच होतं, ते मी तीन वेळा पाडून चौथ्यांदा उभं केलं होतं, आणि आता त्याच्यावर मीच बालंट आणत होते. आईने विचारलं काय झालं. मी म्हटलं, कांदा. घरात त्या दिवशी कांदा चिरलेला नव्हता.

सोमवारी मी दुसरा कागद नेऊन दिला.

वर्क्स मॅनेजरांनी तो सावकाश वाचला. "म्हणजे अणुघड्याळ चुकलं आणि आपलं पंचिंगचं घड्याळ बरोबर?"

"अणुघड्याळ नाही सर. माझी मांडणी."

"फक्त सकाळी चुकते. संध्याकाळी बरोबर होते."

"हो सर. सकाळी मशीन गार असतं."

ते हसले नाहीत, पण चष्मा काढून पुसायला घेतला. मग खिडकीकडे बोट दाखवून म्हणाले, "इथून वळण दिसतं. तुमची बस मला रोज दिसते. आणि माझं घड्याळ मी पुढे ठेवत नाही."

"सर, तुम्हाला माहीत होतं?"

"मला काहीच माहीत नाही. मला कोणी कधी लेखी दिलेलं नाही."

"मग माझ्याकडे का मागितलंत?"

"अकरा माणसांसमोर बोललात तुम्ही. त्यानंतर न मागून चाललं असतं का?" त्यांनी कागदावर सही केली. "दुसरं काही लिहून आणलं असतंत तर मला आज दुपारीच कारवाई करावी लागली असती. शुक्रवारपासून झोप नाही मला." त्यांनी खणातून आणखी एक कागद काढून माझ्यापुढे सरकवला. तो टाइप करून तयारच होता. खात्री न करता बैठकीत माहिती सादर केल्याबद्दल समज. माझ्या नोकरीतला पहिला मेमो. "सही करा. आणि ते मशीन दुरुस्त करा. गेटची हजेरी आता संगणकावर घ्यायची आहे. पण ती टाइमकीपर निवृत्त झाल्यावर, त्याच्या पुढच्या तारखेपासून."

मी सही केली. त्या खोलीत शुक्रवारी कोणती दोन माणसं काळजीत होती आणि कोण एकटं खुशीत होतं, हे मला जिना उतरताना कळलं.

पुढचे दोन महिने विचित्र गेले. मी माझं मनगटी घड्याळ लिनक्सवरून सेकंदाला मिळवलं, त्यामुळे आता मला सगळं कळत होतं. आठ छत्तीसला बसमधून उतरायचं, कार्ड घालायचं, दांडा दाबायचा आणि निळ्या शाईत आठ एकोणतीस उमटताना बघायचं. कान गरम व्हायचे. काका टाइम ऑफिसच्या दारात नेहमीसारखे उभे असायचे आणि काहीच न घडल्यासारखं "ये बाय" म्हणायचे. एकदा त्यांनी मला ताजी कोलंबी आणून दिली, वर्तमानपत्रात बांधून. आईने विचारलं कोणी दिली. मी म्हटलं, कंपनीतल्या काकांनी. तिने विचारलं, काही कारण? मी म्हटलं, नाही.

निरोपाच्या दिवशी कॅन्टीनमध्ये उभं राहायलाही जागा नव्हती. डोंबिवलीची बस तर झाडून सगळी हजर. त्यांतल्या किती जणांना ठाऊक होतं, मी कधी विचारलं नाही. शाल आणि नारळ झाला, वर्क्स मॅनेजर दोन वाक्यं बोलले, त्यांत "निष्कलंक सेवा" असे शब्द होते आणि ते उच्चारताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. काकांनी पेटीची चावी त्यांच्या हातात दिली. टाळ्या थांबेनात. मीही वाजवत होते, अगदी तळहात दुखेपर्यंत.

दुसऱ्या दिवसापासून माझी यंत्रणा सुरू. गेटवर पडदा आणि पट्टीची कार्डं घासायचं यंत्र बसलं होतं, वेळ थेट माझ्या लिनक्सवरून. बस दहा मिनिटं लवकर सोडावी असा अर्ज मी पर्सोनेलला महिनाभर आधी दिलेला. तो कंत्राटदाराकडे विचारणेसाठी गेला होता.

शीळफाट्यावर त्या दिवशीही ट्रक होते. बस वळणावर आली तेव्हा आठ छत्तीस झाले होते. ड्रायव्हरने दार उघडलं आणि चाळीस माणसं उतरून धावत सुटली. पन्नाशीच्या बायका पर्सा छातीशी धरून, गुडघेदुखीचे हेडक्लार्क, डबे वाजवत. आमच्या बसमधून उतरून कोणी धावलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. सगळ्यांच्या मागे मी. साडी एका हाताने वर धरलेली, दम लागलेला.

गेटच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे काका उभे होते. आता आत यायचं त्यांना काही कारण नव्हतं. हातात बाजाराची पिशवी होती आणि ते धावणाऱ्या माणसांकडे बघत होते. मी समोरून गेले तेव्हा त्यांनी हात वर केला.

"धावू नको बाय," ते म्हणाले. "परशील."

मी धावायची थांबले आणि चालायला लागले. कार्ड घासलं तेव्हा पडद्यावर लाल अक्षरांत आठ अडतीस उमटले, आणि ते अगदी बरोबर होते.